आत आणि आतु

मी बारीक आहे. हा गुण नव्हे आणि गुन्हाही नव्हे. पण बंगळूरच्या विमान कारखान्यात माझी सगळी किंमत याच एका गोष्टीवर ठरली. सुतारकाम मी रीतसर शिकून आलो होतो, त्याचं कुणाला काही पडलं नव्हतं. पहिल्या दिवशी शेडमधल्या मिस्त्रीने माझ्या खांद्यांकडे बघितलं, खिशातली सुतळी काढून या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत धरली, ती तशीच चिमटीत घेऊन एका लाकडी सांगाड्यापाशी गेला, तिथल्या एका भोकाला लावून पाहिली आणि मोठ्याने हसला. झाली माझी नेमणूक. मी आतला माणूस.

आतला माणूस म्हणजे विमानाच्या पंखाच्या आत शिरणारा. पंख म्हणजे एक लांब फळी असणार अशी माझी तोवरची समजूत. पण तो असतो पोकळ. आत लाकडाच्या फासळ्या, वर आणि खाली प्लायवुडची कातडी. कातडी चिकटवली की सरस आतल्या बाजूला ओघळतो. तो ओला असतानाच पुसायचा, नाहीतर त्याचा दगड होतो आणि ते फुकटचं वजन विमान जन्मभर वाहतं. शिवाय सरस सगळीकडे धरला की नाही, ते आतूनच दिसतं. म्हणून एक जण आत. फासळ्यांना वजन वाचवायला भोकं पाडलेली. त्यांतून पोटावर सरपटत एका खणातून पुढच्या खणात जायचं. हातात बॅटरी, कमरेला चिंध्या, नाकात सरसाचा वास. त्या परदेशी सरसाने डोळे असे चुरचुरायचे, की बाहेर आल्यावर लोक विचारायचे, घरून वाईट बातमी आली का?

मी सुटायचा प्रयत्न केला नाही असं नाही. माझा उपाय साधा होता. जाड व्हायचं. मी राहायचो पेठेत, वडिलांच्या एका लांबच्या बहिणीकडे. तिचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इथे आलेलं, कापडाचं दुकान, घरात मराठी पण निम्मे शब्द कानडी. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची, मीही म्हणायचो. दुकानाच्या माळ्यावर, कापडाच्या गठ्ठ्यांच्या मधल्या फटीत माझी पथारी. म्हणजे कारखान्यात पंखात आणि घरी गठ्ठ्यांत. ताठ उभं राहायची जागा फक्त रस्त्यावर आणि कारखान्याच्या बसच्या रांगेत. अक्काला मी म्हणायचो, अजून वाढ. ती दोशावर तूप ओतायची आणि म्हणायची, "स्वल्प खा की रे अजून, कुठे जातं तुझं खाल्लेलं?" कुठे जायचं कुणास ठाऊक. माझे खांदे सुतळीच्या बाहेर एक रेसभरही गेले नाहीत.

मी काय काम करतो, हे अक्काला सांगायची सोय नव्हती. शेडमध्ये काय चाललंय ते बाहेर बोलणार नाही, अशी शपथ सगळ्यांकडून घेतली होती. तिला वाटायचं, मी साहेब लोकांच्या खुर्च्या करतो. गुडघे आणि कोपरं सोललेली पाहून ती एकदा म्हणाली, तुमच्याकडे खुर्च्या रांगत करतात वाटतं.

मी मुळात पत्रकवाला. बेळगावात कॉलेज सोडून मी पत्रकं लिहीत होतो. मराठी मुलूख महाराष्ट्रात गेला पाहिजे, या मागणीची. लिहायचो, छापून घ्यायचो, बाजारात वाटायचो, भिंतीवर डकवायचो. पहिलं वाक्य असं पाहिजे की वाचणाऱ्याची मान वळली पाहिजे, आणि कुणाचं तरी नाव घेऊन त्याला जाब विचारला पाहिजे, ही माझी शाळा. पोलिसांनी दुसऱ्यांदा उचलून नेलं, तेव्हा वडिलांनी आधी सुतारकाम शिकायला घातलं आणि मग ओळखीने ही नोकरी लावली. ज्या राज्यातून बाहेर पडायचं म्हणून मी घसा फोडत होतो, त्याच राज्याच्या राजधानीत माझी रवानगी. नोकरी सोडायची नाही असं लिहून घेतलेलं. म्हणजे तिकडूनही कडी, इकडूनही कडी.

आता विमानाबद्दल. त्याला कागदावर नुसता आकडा होता. आम्ही त्याला बीडा म्हणायचो. बीडा म्हणजे कानडीत विडा. त्याचा पंख होता त्रिकोणी, अगदी लग्नात पान दुमडून लवंग टोचतात तसा. नाकापासून सुरू होऊन मागे रुंद होत जाणारा एकच मोठा त्रिकोण, आणि मागे उभं शेपूट म्हणजे ती लवंग. सगळं लाकडाचं. चाकंसुद्धा आत जात नसत, लोंबकळतच राहणार होती. मला प्रश्न पडायचा की जगात आवाजापेक्षा जोरात उडणारी विमानं निघालेली असताना आपला देश हे लाकडी पान कशाला करतोय? विचारलं तर उत्तर मिळायचं, तुझं काम आत. आत बघ.

मी आत बघून एकच मागणी केली होती. पंखाच्या खालच्या बाजूला एक दार ठेवा. माणूस जाईल-येईल एवढं. वरच्या कातडीचा शेवटचा तक्ता जिथे बसतो, आतला माणूस त्याच तोंडातून बाहेर येतो आणि मग ते तोंड बंद होतं. त्याला काही झालं तर दुसरी वाट नाही. ही मागणी मी शेडच्या मोठ्या साहेबांकडे नेली. साहेब विलायतेत शिकलेले, हळू बोलणारे, कुणावर आवाज न चढवणारे. असल्या माणसावर पत्रक लिहिणं फार कठीण. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, की प्रत्येक भोक म्हणजे कमजोरी आणि प्रत्येक झाकण म्हणजे वजन. नकाशात दार नाही. मी म्हटलं, नकाशात माणूसही नाही. ते म्हणाले, बरोबर आहे, माणूस शेवटी बाहेर येतो ना.

ज्या मिस्त्रीने माझे खांदे मोजले, त्याला सगळे अण्णा म्हणत. कोलारकडचा. सरसाचं सगळं काम त्याच्या हाताखाली. वर्षानुवर्षं तो हंगामी होता. मुदत संपली की काढायचं आणि पुन्हा घ्यायचं, असा त्याचा खेळ चाललेला. बीडा पूर्ण झाला की अण्णाला कायम करणार, असं साहेबांनी कबूल केलं होतं. त्यावर त्याचं घर उभं होतं. बायको हे रोज देवाला सांगायची आणि तो रोज आम्हाला.

अण्णाला मराठी येत नव्हतं. मला कानडी येत होतं, पण बेळगावचं. एखादं काम झालं, की बंगळूरकडचा माणूस म्हणतो "आय्तु". आमच्याकडचे कानडी लोक म्हणतात "आतु". अण्णाला या "आतु"ची भारी मौज वाटायची. मी पंख पुसून बाहेर आलो की तो विचारायचा, "आय्ता?" झालं का? आणि मी म्हणायचो, "आतु." मग तो शेडभर माझी नक्कल करायचा. बघा, अडीच अक्षरांतलं अर्धं खाल्लं, तरी हा जाड होत नाही. पुढे त्याने हाच आमचा इशारा करून टाकला. मी बाहेर आलो की तो "आय्ता" विचारणार, मी "आतु" म्हणणार, मग तक्ता बसणार.

दुसरा इशारा चपलांचा. आत जाताना चपला काढाव्या लागत, फासळ्यांना टाच लागू नये म्हणून. त्या पंखाखाली ठेवायच्या. चपला दिसताहेत तोवर माणूस आत. हा नियम कुणी केला नव्हता, आपोआप पडला होता.

त्या दिवशी उजव्या पंखाचा शेवटचा तक्ता बसवायचा होता. आणि त्याच दिवशी दिल्लीहून पाहुणे येणार होते. सकाळपासून शेडमध्ये झाडलोट. मी चहा घेऊन आत शिरलो आणि पार टोकाकडच्या खणात जाऊन पुसायला लागलो. तिथे पंख इतका चपटा होतो, की मान वळवायची तर आधी ठरवावं लागतं कुठल्या बाजूला. बाहेर काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, पण नंतर कळलं ते असं. साहेबांनी शेडमधून एक फेरी मारली आणि पंखाखालच्या फाटक्या चपला पाहून म्हणाले, हे उचला, पाहुण्यांच्या नजरेला नको. कुणीतरी त्या उचलून कपाटात टाकल्या. अण्णा तेव्हा सरस कालवत होता. तो कालवलेला सरस घेऊन आला, तेव्हा पंखाखालची फरशी स्वच्छ होती.

सरस एकदा कालवला की थांबत नाही. अण्णाने तरीही तोंडात डोकं घालून विचारलं, "आय्ता?"

मला ते ऐकू आलं. आणि त्याच क्षणी तोंडाकडचा उजेड अर्धा झाला, कारण दोघांनी तक्ता उचलून धरला होता. माणूस घाबरला की आपल्या आईच्या भाषेत घाबरतो. मी कानडी विसरलो. मी ओरडलो, "आत! मी आत आहे! आत!"

प्लायवुडच्या त्या पोकळ पेटीत आवाज कुठून येतो ते कळत नाही. तो सगळीकडूनच येतो. त्यात बाहेर गिरमिट चाललेलं. माझ्या वाक्यातला एकच शब्द पलीकडे पोचला. आत. अण्णाने ऐकलं, आतु. रोजच्यासारखं. झालं.

आणि तक्ता बसला.

अंधार झाला म्हणणं पुरेसं नाही. आधी उजेडाची एक रेघ राहिली, मग ती चारी बाजूंनी बारीक होत गेली, मग वर धप धप आवाज आले. तक्ता दाबून धरायच्या वाळूच्या पिशव्या. मग शिकंजे आवळल्याचा कर्र कर्र आवाज. मी खणाखणातून उलटा सरपटत आलो आणि डोक्यावरच्या तक्त्याला हात लावला. ओला सरस माझ्या केसांत टपकला. मी मुठीने वरती बडवलं. बाहेर सगळं एकदम गप्प झालं.

पंख विमानाच्या अंगाला जिथे जोडतात, त्या बाजूच्या फळीला मूठ जाईल एवढं एक भोक होतं, आतून दांडा न्यायचं. त्या भोकातून अण्णाचा डोळा दिसला. त्या डोळ्यात काय होतं ते मी कुठल्याच पत्रकात लिहू शकणार नाही.

साहेब आले. भोकापाशी वाकले. त्यांनी मला विचारलं, श्वास घेता येतो का, कुठे लागलंय का. मी म्हटलं, तक्ता काढा. ते हळू आवाजात समजावू लागले. आत्ता काढला तर तक्ता फाटणार, खालच्या फासळ्यांची तोंडं बिघडणार, आणि हा प्लायवुड आपल्याकडचा नाही, असा दुसरा तक्ता शिल्लक नाही. खालून कापायचं तर धक्क्याने वरचा सरस सुटणार. संध्याकाळपर्यंत तो धरतो. हवा येतेय. पाणी देऊ. थोडं सहन करा.

मी विचारलं, माझी हरकत असेल तर?

तेवढ्यात मोटारी आल्याचं कुणीतरी सांगितलं. ते उठून गेले. पाहुणे दारात होते. एवढ्यात सगळं ठरलं. विमान लाकडाचं, तक्ता परदेशी, पाहुणे दिल्लीचे, आणि मी आत.

मग अण्णा भोकाला तोंड लावून बोलला. कानडीत, अगदी कुजबुजत. "तम्मा, स्वल्प तडी. पाहुण्यांना कळलं तर मी गेलो." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, तडी म्हणजे थांब. एरवी तो मला आतु म्हणूनच हाक मारायचा.

मी गुडघे पोटाशी घेऊन पडून राहिलो. वरती पिशव्यांच्या वजनाने तक्ता कुरकुरत होता. बुटांचे आवाज जवळ आले. साहेब इंग्रजीत सांगू लागले, आणि इतके दिवस जे मला कुणी सांगितलं नव्हतं, ते मी पंखात पडून पहिल्यांदा ऐकलं. की पुढची सगळी जोरात पळणारी विमानं अशा त्रिकोणी पंखांची असणार. जोरात ती छान उडतात. पण उतरायला हळू व्हावं लागतं आणि हळू झालं की हा पंख लहरी होतो. नाक वर करून बसतो, कडेवरून हवा भोवऱ्यासारखी सुटते, विमान दारू प्यायल्यासारखं डोलतं. किती हळू गेलं तर चालतं, कुठे पडतं, ते नीट कुणालाच माहीत नाही. म्हणून हे मुद्दाम हळू उडायचं विमान. यात बसून वैमानिक हळूहळू शिकेल, म्हणजे पुढे जोराच्या विमानात उतरताना माणूस मरणार नाही.

माणूस मरू नये म्हणून. मला हसू आलं, खोटं कशाला सांगू? कसं दाबलं ते माझं मला ठाऊक.

एका पाहुण्याने माझ्या बरोबर तोंडावर, वरच्या तक्त्यावर बोटाच्या पेरांनी टकटक केली.

"भरीव आहे?" त्याने विचारलं.

"नाही सर, पोकळ."

"मग आत काय असतं?"

"काही नाही," साहेब म्हणाले. "हवा."

माझी मूठ वर गेलेली होती. मला फक्त उलटी टकटक करायची होती. एकदा. दिल्लीच्या पाहुण्याच्या बोटाखाली हवेने टकटक केली असती. यापेक्षा चांगलं पहिलं वाक्य कुठल्या पत्रकाला मिळालं असतं? भोकाशी अण्णा खोकला. उगीच, कोरडा. त्याने भोकाकडे पाठ केली होती आणि मला त्याच्या सदऱ्याचा घामाने भिजलेला तुकडा तेवढा दिसत होता. मी मूठ खाली घेतली. पाहुणे पुढे गेले. त्या क्षणी मला जेवढं कोंडल्यासारखं वाटलं, तेवढं तक्ता बसला तेव्हाही वाटलं नव्हतं. तक्ता दुसऱ्यांनी बसवला होता. तोंड मी स्वतः बंद केलं होतं, आणि ते बरोबर केलं की चूक, याचं उत्तर त्या अंधारात कोण देणार?

पुढचे तास सांगण्यासारखे नाहीत. अण्णाने रबरी नळीतून कॉफी सोडली. गरम कॉफी रबरातून आली की सायकलच्या ट्यूबसारखी लागते. चिंध्यांचा आणखी काय उपयोग झाला ते लिहीत नाही. पंख नंतर तपासणीत पास झाला एवढंच सांगतो. मी मनात पत्रक लिहीत होतो. एक लिहायचो, खोडायचो. प्रत्येकात पहिल्या ओळीत कुणाचं तरी नाव लागायचं आणि प्रत्येक वेळी ते अण्णाचं यायचं, कारण तक्ता त्याने बसवला ही खरी गोष्ट होती. पण त्याने विचारलं होतं, हीही खरी गोष्ट. आणि मी खरं उत्तर दिलं होतं. त्याने बरोबर ऐकलं आणि मी बरोबर बोललो. अशा गोष्टीचं पत्रक कसं लिहायचं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

संध्याकाळचा भोंगा झाल्यावर साहेबांनी स्वतः येऊन पिशव्या उतरवायला लावल्या. शिकंजे सोडले नाहीत. पंखाच्या खालच्या बाजूला, दोन फासळ्यांच्या मध्ये, अण्णाने खडूने लांबट गोल काढला. मापासाठी त्याने खिशातून सुतळी काढली. माझ्या खांद्यांची सुतळी त्याने जपून ठेवली होती. मग त्याने बारीक करवत चालवली. मी आधी पाय बाहेर काढले. फरशीवर उभा राहिलो आणि लगेच खाली बसलो. कुणीतरी कपाटातून चपला आणून माझ्यासमोर ठेवल्या.  अण्णाने माझ्या केसांतला सुकलेला सरस बोटांनी तोडायला सुरुवात केली आणि केस उपटले गेले, तेव्हा मी त्याला मराठीत शिवी दिली. ती त्याला कळली.

ही गोष्ट शेडबाहेर जायची नव्हती, पण गेली. त्याच आठवड्याच्या रविवारी बेळगावचा माझा एक मित्र अक्काच्या घरी येऊन थडकला. पूर्वी आम्ही एकत्र पत्रकं काढायचो. त्याने माळ्यावर येऊन गठ्ठ्यांमध्ये बैठक मारली आणि मजकूर तयार असल्याचं सांगितलं. मथळासुद्धा. मराठी तरुणाला कानडी मिस्त्रीने विमानात कोंडलं. फक्त मिस्त्रीचं नाव आणि गाव पाहिजे.

मी सांगितलं, असं झालं नाही. तो बोलण्याचा घोटाळा होता. मी आत म्हणालो, त्याला आतु ऐकू आलं.

"मर्दा, मग तर फारच बेस," तो म्हणाला. "मराठी शब्दाला किंमत नाही, हेच तर आपण सांगतोय की. नाव सांग."

"त्याची नोकरी जाईल."

"जाऊ दे की. तू आत मेला असतास तर?"

 मराठी मुलखाची मागणी आजही मला चूक वाटत नाही. पण त्या दिवशी मला त्याच्या तोंडून माझंच जुनं वाक्य ऐकू आलं, ज्यात नाव भरायला एक रिकामी जागा सोडलेली असते. मी म्हटलं, नाव नाही सांगणार. तो म्हणाला, तू बंगळूरला येऊन मऊ झालास. खालून अक्का ओरडली की दोघं खाली या, दोसे गार होताहेत. तो न खाता गेला. अक्काला त्याचं फार लागलं.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. त्यांच्यासमोरही तोच प्रश्न. तक्ता कुणी बसवायला सांगितला? चौकशीसाठी एक नाव हवंय, बाकी काही नाही. यापुढे शेडमध्ये फक्त इंग्रजीत इशारे होतील, असंही ते म्हणाले. मी उभाच होतो. मला तेव्हा लख्ख दिसलं, की माझ्या बाजूच्यांना आणि कारखान्याला, दोघांनाही एकच वस्तू हवी आहे. अण्णाचं नाव. ते मिळालं की दोघांचंही काम भागणार, आणि पंखाला दार तेव्हाही नव्हतं, पुढेही नसणार.

मी विचारलं, "साहेब, माझ्या चपला कुणी उचलायला सांगितल्या?"

 ते म्हणाले, "मी."

"चपला तिथे असत्या तर अण्णाने तक्ता बसवला नसता. सगळ्या शेडला विचारा. एक नाव हवं असेल तर हे घ्या."

 मला थांबायला हवं होतं, पण मी थांबणाऱ्यांतला नाही. मी म्हटलं, "आणि पाहुण्यांना तुम्ही सांगितलंत की आत हवा आहे."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला नाही. माझ्या डोक्यावर एका बाजूला केस उपटल्याची जागा होती, तिकडे ते बघत होते. मग त्यांनी एवढंच विचारलं, की खाली कापलेलं भोक बुजवायला अण्णाने घेतलंय का. मी म्हटलं, उद्या घेणार. ते म्हणाले, बुजवू नका, त्याला झाकण करा, डाव्या पंखालाही तसंच कापा. मी नकाशा बदलून घेतो. जा.

मला धन्य वगैरे काही वाटलं नाही, हे स्पष्ट लिहितो. एक दार मिळवायला एक माणूस दिवसभर कोंडावा लागतो, हा कुठला न्याय? आणि नकाशात त्या दाराचं नाव पडलं निरीक्षणद्वार, जणू ते कुणा हुशार माणसाला टेबलापाशी सुचलं होतं. पण अण्णाचं नाव पुन्हा कुणी विचारलं नाही. त्या पावसाळ्यानंतर तो कायम झाला. त्याने सगळ्या शेडला म्हैसूरपाक वाटला आणि मला दोनदा दिला, जाड हो म्हणून. इंग्रजीत इशारे करायची नोटीस लागली, पण ती नोटीसही इंग्रजीत असल्यामुळे कुणी मनावर घेतली नाही.

बीडा उडाला तेव्हा आम्ही शेडच्या मागे उभे होतो. तो इतका हळू डोक्यावरून गेला, की खालची दोन्ही झाकणं स्पष्ट दिसली. नाक वर, चाकं लोंबत, डोलत डोलत. वैमानिक सुखरूप उतरला. आता तो बीडा ताडपत्रीखाली पडून आहे, त्याचं काम संपलं आणि त्याचं गुपितही. म्हणून हे लिहितो आहे. पत्रक म्हणून ते कधी जमलं नाही.

मी मात्र सुटलेलो नाही. कारखान्याने दुसरं विमान हाती घेतलंय, त्याचा पंख आणखी पातळ आहे, आणि खांदे तेच. आत जाताना मी चपला काढतो आणि अण्णा त्यांच्या शेजारी एक स्टूल ओढून बसतो. मी बाहेर येईपर्यंत तो उठत नाही. साहेब आले तरी नाही. कुणी झाडू घेऊन आलं तर त्याला शिव्या घालतो. मधूनमधून तो पंखावर टकटक करतो आणि विचारतो, "आय्ता?"

आत असताना मी आता आतु म्हणत नाही आणि आतही म्हणत नाही. जे मराठीसाठी दोनदा पोलीस चौकीत बसलं, ते तोंड आतून कानडीत ओरडतं, "इल्ला!" नाही, झालं नाही. चपला पायात घालून, दोन्ही पाय फरशीवर ठेवून उभा राहीपर्यंत मी दुसरा शब्द बोलत नाही.